टिचकीचा कापूस आणि रानाची पाळी

मांडी घाला. कान टवकारा. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. झालं? आता गोष्ट.

एक होती दरी. खोल खोल दरी. इकडे डोंगर, तिकडे डोंगर. मधे रान. दाट रान, हिरवं रान. इतकं दाट, की ऊनसुद्धा खाली उतरताना पानापानाला विचारून उतरायचं.

त्या रानात राहायची एक शिंपीण. माणसांची नव्हे हो, पाखरांची! नाव तिचं टिचकी. पाठ हिरवी, डोकं तांबूस, शेपटी उभी. केवढी होती? बाबांच्या अंगठ्याएवढी. बघा, दाखवा बरं बाबांचा अंगठा. हां, एवढीच.

पण चोच? चोच होती सुईसारखी. टिचकी पान शिवायची. भोकराचं मोठं पान घ्यायची. कडेला भोक पाडायची. कोळ्याच्या जाळ्याचा दोरा ओवायची. टोचायची नि ओढायची. टोचायची नि ओढायची. टुच् सुर्र! टुच् सुर्र! पानाची झाली पिशवी. पिशवीचं होणार घरटं.

घरट्यात काय हवं? मऊ मऊ कापूस हवा. कापूस कशाला हवा? टिचकीच्या पोटात होतं अंडं. आज संध्याकाळी ते येणार होतं. नुसत्या पानात अंडं ठेवलं, तर काय होईल? वारा येईल. पान हलेल. अंडं आपटेल. टच्! मग पिल्लू कुठलं?

म्हणून टिचकी गेली सावरीच्या झाडावर. सावरीची बोंडं फुटून गेली होती. कापूस उडून गेला होता. शेंड्यावर एकच पुंजका उरला होता. एकच. शेवटचा. टिचकीने तो चोचीत धरला आणि निघाली घरट्याकडे.

भुर्र भुर्र, टिच टिच!

तेवढ्यात आला वारा. सूंऽ सूंऽ! चोचीतला कापूस सुटला. कापूस पुढे, टिचकी मागे. कापूस पुढे, टिचकी मागे. समोर होतं एक जुनं झाड. झाडाला होती ढोली. ढोलीचं दार चिखलाने लिंपून टाकलेलं. मधे ठेवली होती एक बारीक फट. कापूस गेला त्या फटीत. सुळ्ळ!

"अगं बाई! माझा कापूस!"

टिचकीने फटीत डोकावलं. तर आतून आली एक चोच. पिवळी चोच. वाकडी चोच. चोचीवर आणखी एक चोच!

अबब! केवढी ही चोच! टिचकी अख्खी त्या चोचीत झोपली असती, आणि वर पांघरूणही मावलं असतं.

आत होती धनेशीण. अंडी घालायच्या वेळी ती आत शिरते. दार लिंपून घेते. पिल्लं मोठी होईपर्यंत बाहेर येत नाही. महिनोन्‌महिने अंधारात बसते. आईच ती!

टिचकी म्हणाली,

"धनेशीणकाकू, धनेशीणकाकू, कापूस दे ना!
घरटं माझं होईना!"

धनेशीण हळूच म्हणाली, "हळू बोल गं. माझं पिल्लू भुकेलंय. सकाळपासून रडतंय. आत्ता कुठे त्या कापसावर डोकं टेकून गप्प झालंय. पोट भरलं, की ते आपोआप झोपेल. मग कापूस देईन. पिल्लाचा बाबा धनेश फळ आणेल, तर कापूस देईन."

आतून आवाज आला, "चीं..." बारीक. रडून रडून दमलेला.

टिचकीला वाईट वाटलं. तिला कापूस हवा होता. पण पिल्लाच्या डोक्याखालचा कसा ओढणार? टिचकी निघाली धनेशाकडे.

भुर्र भुर्र, टिच टिच!

धनेश कुठे होता? उंचावर. दरीच्या काठावर एक सुकं झाड होतं. त्याच्या शेंड्यावर. टिचकी कधी इतक्या वर गेली नव्हती. एका फांदीवर बसली. दम घेतला. दुसऱ्या फांदीवर बसली. दम घेतला. शेंड्यावर पोचली आणि खाली बघितलं.

अबब! केवढी ही दरी! डोंगरामागे डोंगर. डोंगरामागे डोंगर. हिरवा डोंगर, निळा डोंगर, मग धुरासारखा डोंगर. मधे झाडंच झाडं. आणि त्या सगळ्यात एका पानाएवढं तिचं घरटं. दिसेल कसं? दिसलंच नाही.

हूश्श! हूश्श! हूश्श! वारा नव्हता तो. धनेशाचे पंख होते. काळे-पांढरे पंख, दारांएवढे. धनेश फांदीवर टेकला, तर सगळं झाड हललं. टिचकीने फांदी घट्ट धरली.

"धनेशकाका, धनेशकाका, फळ आणा ना!
धनेशीण कापूस देईना,
घरटं माझं होईना!"

धनेश म्हणाला, "सकाळपासून दरी पालथी घातली, पोरी. पंख दुखले. सगळी फळं हिरवी. कच्चं फळ पिल्लाला घालू? त्याचं पोट दुखेल. उंबर पिकेल, तर फळ आणीन."

आता काय करायचं? टिचकी निघाली उंबराकडे.

भुर्र भुर्र, टिच टिच!

उंबर होता दरीच्या तळाशी. म्हातारा उंबर. किती म्हातारा? कोणालाच ठाऊक नाही. विचारणारे आले नि गेले, उंबर तिथेच. टिचकी बुंध्याशी बसली. मान वर केली. आणखी वर केली. आणखी वर केली. पाठीवर पडायची राहिली!

अबब! केवढा हा उंबर! मुळं भिंतींसारखी. फांद्या रस्त्यांसारख्या. एका फांदीवर शेकरू. लांब झुबकेदार शेपटी, खाली लोंबणारी. एका फांदीवर हिरवी कबुतरं, पानांत पानं होऊन बसलेली. सालीवरून मुंग्यांची रांग चाललेली, सकाळी निघालेली, अजून चाललेलीच. अख्खं गाव राहत होतं त्या झाडावर. पण सगळे गप्प. सगळे भुकेले.

टिचकीने हळूच हाक मारली,

"उंबरआजोबा, उंबरआजोबा, फळं पिकवा ना!
धनेश फळ आणेना,
धनेशीण कापूस देईना,
घरटं माझं होईना!"

उंबर बोलला. सावकाश बोलला. म्हातारी माणसं बोलतात तसा. "पिकवीन गं... पिकवीन... पण पाय कोरडे पडलेत माझे. मुळांना घोटभर पाणी नाही. ओढा वाहील... तर फळं पिकवीन."

फळं होती, बरं का. खोडाला चिकटलेली, झुबकेच्या झुबके. पण सगळी हिरवी, सगळी टणक. टिचकीने एकाला चोच मारून बघितली. टण्! चोचच दुखली.

टिचकी निघाली ओढ्याकडे.

भुर्र भुर्र, टिच टिच!

ओढा कुठे होता? होता, पण नव्हता. होते नुसते दगड. पांढरे दगड, गोल दगड, हत्तीएवढे दगड. पावसाळ्यात ओढ्यानेच ते आणले होते, गडगडत, खेळत. टिचकी दगडांमधून उडत राहिली. वर बघितलं, तर दोन्ही बाजूंनी काळे कडे. कड्याला लटकलेली मोहोळं. एक, दोन, तीन... मोजता मोजता टिचकी चुकली. लाखो माश्या. सगळ्या मिळून एकच आवाज. घूंऽऽ!

अबब! केवढा हा कडा!

कड्याच्या पायथ्याशी एक डबकं होतं. त्यात दोन मासे नि एक खेकडा. खेकडा रागावलेला. "सरकून घे, सरकून घे," असं माशांना म्हणत होता. ते डबकं म्हणजेच ओढा. एवढाच उरला होता बिचारा.

"ओढेदादा, ओढेदादा, वाहा ना!
उंबर काही पिकेना,
धनेश फळ आणेना,
धनेशीण कापूस देईना,
घरटं माझं होईना!"

ओढा म्हणाला, "टिप... टिप... मला का वाहायचं नाही? मला तर धावायचंय. उड्या मारायच्यात. पण वर बांध घातलाय. सगळं पाणी वाडीत जातं. माझ्याकडे कोणी सोडतच नाही. बांध उघडेल, तर वाहीन."

"बांध कोण उघडतं?"

"कोंडाबाई. तिच्याच हातात पाणी आहे. टिप... टिप..."

सूर्य डोक्यावर आला. पोटातलं अंडं जड झालं. टिचकी दमली होती. पण बसून कसं चालेल? टिचकी निघाली कोंडाबाईकडे.

भुर्र भुर्र, टिच टिच!

वर होती वाडी. एवढीशी वाडी. आधी चार घरं होती. आता झाली पाच. वाडीच्या वर होता बांध. बांधातून निघाला होता पाट, आणि पाटाचं पाणी जायचं शेतात. वांग्याला जायचं, मिरचीला जायचं. पण सगळ्यांना एकदम नाही हं! पाळीपाळीने. आज या घराची पाळी, उद्या त्या घराची. चार दिवस चार घरांची, आणि पाचवा दिवस रानाचा. त्या दिवशी बांध उघडायचा. पाणी सगळं रानाला द्यायचं. पणज्याच्या पणज्यापासून वाडीची हीच रीत. आणि पाळ्या मोजायचं काम कोंडाबाईचं.

कोंडाबाई पाटाकडेला उभी होती. लुगडं वर खोचलेलं. खांद्यावर खोरं. टिचकी खोऱ्याच्या दांड्यावरच जाऊन बसली.

"कोंडामावशी, कोंडामावशी, बांध उघड ना!
ओढा काही वाहेना,
उंबर काही पिकेना,
धनेश फळ आणेना,
धनेशीण कापूस देईना,
घरटं माझं होईना!"

कोंडाबाई दचकली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. "आगं! तू व्हय? येवढंसं पाखरू अन् आवाज केवढा! पानी सोडू म्हनतीस? पाळी कुनाची ते बघाया नगं? थांब, मोजते."

कोंडाबाईने हात पसरला. एकेक बोट मिटलं.

"ही करंगळी लांघ्यांची. झाली त्यांची पाळी. हे बोट गभाल्यांचं. झाली. मधलं बोट डामशांचं. झाली. हे बोट आमचं. झाली. अन् अंगठा नव्या घराचा. त्यांचीबी झाली. पाच बोटं, पाच पाळ्या! बोटं संपली, पाळ्या संपल्या. उद्यापासनं पुन्हा करंगळी."

"आणि रानाची पाळी?" टिचकीने विचारलं.

"रानाची अंगठ्यावर."

"अंगठ्यावर तर नवं घर आहे ना, मावशी?"

कोंडाबाईने अंगठ्याकडे बघितलं. उलटा करून बघितला. सुलटा करून बघितला. तिचं तोंड उघडलं ते मिटेचना.

"आगं बया बया! यंदा नवं घर झालं, त्याला अंगठा दिला. पाच बोटं भरली, म्हनून मी गप बसले. अन् रान? रान माज्या हातातनं गळालं की गं! होळीपासनं रानाला थेंब न्हाई!"

तिने कपाळावर हात मारला. खोरं उचललं. तरातरा बांधाकडे निघाली. टिचकी खुशीत पुढे. झालं काम!

कुठलं झालं? कोंडाबाई वाटेतच थांबली. दगडामागे लपली.

"न्हाई बाय. मी न्हाई जायची. ते बघ की तिथं!"

बांधाच्या पाण्यात उभा होता गवा.

"माज्यानं न्हाई हलायचा त्यो. त्यो हलला, तर बांध उघडीन. त्याच्या आधी न्हाई."

टिचकी काय करणार? टिचकी निघाली गव्याकडे. भुर्र भुर्र... या वेळी टिच टिच म्हणायचं ती विसरली.

तिला वाटलं होतं, मोठा असेल. पण एवढा? काळा. काळाभोर. पाठ डोंगरासारखी. खांद्यावर उंचवटा. शिंगं चंद्रकोरीसारखी. आणि चार पायांत चार पांढरे मोजे! टिचकी त्याच्या एका डोळ्यापुढे आली. त्या डोळ्यात तिला पाणी दिसलं, झाडं दिसली, आभाळ दिसलं. आणि मधे एक ठिपका. तो ठिपका ती स्वतः होती.

अबब! अबब! केवढा हा गवा!

घाबरली का टिचकी? घाबरली की! तुम्ही नसता घाबरला?

तिने डोळे मिटले आणि म्हटलं,

"गवेमामा, गवेमामा, हला ना!
बांध काही उघडेना,
ओढा काही वाहेना,
उंबर काही पिकेना,
धनेश फळ आणेना,
धनेशीण कापूस देईना,
घरटं माझं होईना!"

गवा म्हणाला, "फुस्स!" त्या फुस्सने टिचकी तीन कोलांट्या खाऊन मागे गेली. पुन्हा आली. हट्टीच होती.

मग गवा बोलला. एवढा मोठा गवा, पण आवाज रडवेला. "कानात गोचीड शिरलीय गं. चावते. ठणकतं. खाली पाणीच नाही, म्हणून वर आलो. गार पाण्यात उभा राहिलो, की जरा बरं वाटतं. गोचीड निघाली, तर हलेन. बगळ्याला सांग."

टिचकी निघाली बगळ्याकडे.

भुर्र भुर्र, टिच टिच!

बगळा शेताच्या कडेला होता. पांढरा स्वच्छ. एका पायावर उभा. डोळे मिटलेले, जसा काही फार विचारात. खरं म्हणजे झोपला होता.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, गोचीड काढा ना!
गवा काही हलेना,
बांध काही उघडेना,
ओढा काही वाहेना,
उंबर काही पिकेना,
धनेश फळ आणेना,
धनेशीण कापूस देईना,
घरटं माझं होईना!"

बगळ्याने दुसरा पाय खाली टेकला. "पाठीवरच्या गोचिडी काढतो मी. पोटावरच्या काढतो. पण कानातली? माझी चोच बघ. लांब, जाड. काल घातली होती कानात. गव्याला टोचली. त्याने मान झटकली, मी चिखलात! दोन तास अंग धूत होतो. मी नाही जायचा. तिथे बारीक चोच हवी. सुईसारखी."

"सुईसारखी चोच कोणाची?" टिचकीने विचारलं.

बगळा तिच्याकडे बघत राहिला.

टिचकीने मागे वळून बघितलं. मागे कोणीच नव्हतं.

"तुझी," बगळा म्हणाला.

"माझी? पण मी तर एवढीशी!"

"एवढीशीच हवी. कानात मावायला नको?"

टिचकीने मान इकडे केली. मान तिकडे केली. एवढ्या मोठ्या दरीत ती सकाळपासून सगळ्यांना विचारत फिरली होती. सगळे केवढे केवढे! आणि आता कोणाला विचारायचं? पुढे कोणी उरलंच नव्हतं.

टिचकी निघाली. परत गव्याकडे.

भुर्र भुर्र. टिच. टिच.

"गवेमामा, मी आत येऊ? डोकं हलवू नका हं."

"नाही हलवणार," गवा म्हणाला. "पण लवकर कर."

टिचकी शिंगावर बसली. शिंगावरून कानाच्या काठावर उतरली. कान कसला, गुहाच ती! आत अंधार. आत गरम. आत केसांचं गवत. टिचकीने एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. आणि तिला आवाज आला.

धडाम... धडाम... धडाम...

गव्याचं काळीज वाजत होतं. सावकाश. ढोलासारखं. टिचकीचंही वाजत होतं, टिकटिकटिकटिक, पण ते कोणाला ऐकू येणार! टिचकी थांबली. ऐकत राहिली. एवढा मोठा गवा, आणि आत तो असा वाजतो! तिला वाटलं, डोंगरसुद्धा आतून असेच वाजत असतील.

मग ती पुढे सरकली. आपल्याच मनाला हळूहळू म्हणत,

"गोचीड काही निघेना,
गवा काही हलेना,
बांध काही उघडेना,
ओढा काही वाहेना,
उंबर काही पिकेना,
धनेश फळ आणेना,
धनेशीण कापूस देईना,
घरटं माझं होईना!"

आणि दिसली गोचीड! टम्म फुगलेली. घट्ट चिकटलेली. टिचकीने काय केलं? रोज जे करायची तेच केलं. टोचायचं नि ओढायचं. टुच्! ओढली. निघेना. टुच्! ओढली. निघेना. पाय रोवले, पंख आवळले, डोळे मिटले.

टुच्... सुर्र्र्र!

गोचीड निघाली!

टिचकी उलटी पालटी होत कानातून बाहेर पडली. थेट पाण्यात! दगडामागून धावत आलेल्या कोंडाबाईने तिला ओंजळीत उचललं. गवा बघत राहिला. एकदा कान हलवला. काहीच दुखेना. आणखी एकदा हलवला. मग तो हसला. गवा हसताना पाहिलाय कधी? तोंड उघडत नाही, नुसती शेपटी उडवतो.

धप्! धप्! धप्! धप्!

गोचीड निघाली, गवा हलला!

कोंडाबाईने खोरं घातलं. खच्! खच्! माती निघाली. दगड निघाले. मग तिने दुसरा हात वर केला. त्या हाताचं एक बोट ताठ उभं केलं. वाडीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "ऐका रं! या हाताची पाच बोटं मान्सांची! अन् त्या हाताचं हे बोट रानाचं! आज पाळी रानाची!"

गोचीड निघाली, गवा हलला, बांध उघडला!

आणि पाणी निघालं. आधी बोटाएवढं. मग मनगटाएवढं. मग... धोऽऽऽ! कड्यावरून पडलं. दगडांवर आपटलं. वर उडालं. उन्हात चमकलं. माश्यांची घूंऽऽ त्या आवाजात बुडून गेली. डबक्यातला खेकडा ओरडला, "सरकून घेऽऽऽ" आणि मासे म्हणाले, "आता कशाला?" बेडूक जागे झाले. पिवळी फुलपाखरं ओल्या वाळूवर उतरली, शेकड्यांनी. एक मोर धावत आला आणि पाण्याकडे बघतच उभा राहिला. पाण्याचा इतका मोठा आवाज पुष्कळ दिवसांत कोणी ऐकलाच नव्हता.

गोचीड निघाली, गवा हलला, बांध उघडला, ओढा वाहिला!

पाणी उंबराच्या पायाशी पोचलं. उंबर प्यायला. गट् गट् गट् गट्. म्हाताऱ्याने केवढं पाणी प्यावं! मुळांतून वर, खोडातून वर, फांद्यांतून वर. हिरवी फळं पिवळी झाली. पिवळी फळं लाल झाली. टप्! टप्! टप्! शेकरू खाली धावलं. कबुतरं फडफडली. मुंग्यांची रांग पहिल्यांदाच मोडली.

"ये गं," उंबर म्हणाला. "ये. पिकली सगळी."

गोचीड निघाली, गवा हलला, बांध उघडला, ओढा वाहिला, उंबर पिकला!

हूश्श! हूश्श! हूश्श! आला धनेश. एक फळ घेतलं, दुसरं घेतलं, तिसरं घेतलं. गळ्यात साठवली. थेट ढोलीकडे गेला. फटीतून चोच आली. एकेक लाल फळ आत गेलं. आतून आवाज आला, "चीं! चीं! चीं!" मग "चीं..." मग काहीच नाही. पिल्लू झोपलं. पोट भरलेलं पिल्लू कसं झोपतं, तुम्हाला ठाऊक आहेच.

आणि फटीतून अलगद बाहेर आलं काहीतरी पांढरं. मऊ मऊ.

"घे गं बाळे," धनेशीण म्हणाली. "आमच्या उबेने गरम झालाय बघ."

टिचकीने कापूस धरला. किती घट्ट धरला! वारा आला, सूंऽ केलं, पण कापूस सुटला नाही.

भुर्र भुर्र, टिच टिच! थेट भोकराच्या पानाकडे. कापूस आत घातला. चोचीने पसरला. छातीने दाबला. गोल गोल फिरून त्याची वाटी केली. शेवटचा टाका राहिला होता, तोही घातला. टुच् सुर्र!

गोचीड निघाली,
गवा हलला,
बांध उघडला,
ओढा वाहिला,
उंबर पिकला,
धनेशाने फळ आणलं,
धनेशिणीने कापूस दिला,
घरटं माझं झालं!

ऊन उतरलं. डोंगर जांभळे झाले. टिचकी घरट्यात बसली. डोळे मिटले. हललीच नाही.

आणि आलं अंडं!

केवढं? छोट्या बोराएवढं. निळसर. वर तपकिरी ठिपके. वारा आला. पान हललं. इकडे झुललं, तिकडे झुललं. अंडं कापसात लोळलं नि थांबलं. फुटलं नाही. टिचकीने त्याच्यावर छाती टेकवली. आता तिला कोणाकडे जायचं नव्हतं.

पाण्याच्या कडेकडेने कोंडाबाई खाली येत होती. पाणी नीट पोचलं का, ते बघत. भोकराशी आली आणि थांबली. वाकून बघितलं. कोंडाबाई दर उन्हाळ्यात गोधड्या शिवायची. वाडीत तिच्यासारखा टाका कोणाचा नव्हता. पण हे पान? हा दोरा? हे बारीक बारीक टाके? आणि आत, हिरव्या पाठीखाली, हे एवढंसं अंडं?

खांद्यावरचं खोरं कोंडाबाईने दोन्ही हातांनी खाली घेतलं, वाजू नये म्हणून. चपला काढून हातात घेतल्या, देवळात शिरताना काढतात तशा. आणि चवड्यांवर, एकेक पाऊल टाकत, ती वाडीकडे परत गेली.

ओढा गेला दरीत,
टिचकी बसली घरात,
गोष्ट उतरली कानांत,
जपून ठेवा मनात.